पीजीअॅडमिन ३ सारखं हलकं काही आहे का? ४ नं ऑफिसातले सगळे वैतागलेत

तासगाव_लॉट
नमस्कार मंडळी. तासगावजवळच्या एका कोल्ड स्टोरेजचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. बेदाण्याचे बॉक्स येतात, शेतकऱ्याच्या नावावर लॉट पडतो, सौदा झाला की माल बाहेर आणि भाड्याचं बिल, एवढाच पसारा. प्रोग्राम जुना आहे, ज्यानं करून दिला तो आता पुण्यात नोकरीला, फोन उचलतो पण काम काही करत नाही. खाली पोस्टग्रेस डेटाबेस आहे. इतकी वर्षं ९.४ व्हर्जन होतं आणि सोबत त्यातला डेटा बघायचं टूल पीजीअॅडमिन ३, मस्त चाललेलं. आयकॉनवर क्लिक केलं की लगेच उघडायचं, टेबलवर राइट क्लिक, डेटा समोर, काम झालं. काउंटरवरच्या ताईंना पण येत होतं ते, आणि त्या काय कॉम्प्युटरवाल्या नाहीत.

दिवाळीनंतर सर्व्हरचं मशीन बदललं, त्यावर पोस्टग्रेस १५ टाकलं, डेटा नेला. प्रोग्राम बिनबोभाट चालू झाला पण पीजीअॅडमिन ३ काही केल्या जोडेना, डेटलास्टसिसओआयडी नावाचा कॉलमच नाही म्हणून एरर देतंय. मग नाइलाजानं ४ टाकलं. काउंटरचं मशीन ४ जीबी रॅमचं, त्यावर हे उघडेपर्यंत समोरचा शेतकरी चहा पिऊन येतो. उघडलं की पहिल्यांदा ते ग्राफ नाचायला लागतात, मला कोल्ड स्टोरेजमध्ये ट्रान्झॅक्शन पर सेकंदाचा ग्राफ कशाला पायजे? आधी आकडा बदलून खालच्या ओळीवर गेलं की आपोआप सेव्ह व्हायचं, आता वर जाऊन बटण दाबा, नाही दाबलं तर टॅब बंद करताना विचारतंय सेव्ह करू का, आणि ताई घाबरून 'नको' म्हणतात. गेलं सगळं.

चालत्या गोष्टीची वाट का लावतात हे लोक? ३ च पुन्हा चालवायचा काही जुगाड असला तर सांगा.

कृष्णाकाठ
३ चा नाद सोड भावा. तुझी एरर नेहमीची आहे. ही अॅडमिन टूल्स डावीकडचं झाड दाखवायला पोस्टग्रेसच्या आतल्या सिस्टीम टेबलांना प्रश्न विचारतात, आणि ती टेबलं दर मोठ्या व्हर्जनला थोडीफार बदलतात. तुझा तो कॉलम १५ मध्ये काढून टाकला. १२ वर गेला असतास तर तिथं रेलहॅजओआयडीज या कॉलमवरून अडला असतास. ३ ची शेवटची मालिका १.२२, ती ९.५ च्या काळातली, त्यानंतर ते कोणी सांभाळलंच नाही. उद्या कुठूनतरी पॅच मिळाला तरी पुढच्या व्हर्जनला परत बोंब. आणि ९.४ वर परत जाऊ नको, त्याला सिक्युरिटी अपडेट येणं केव्हाच बंद झालंय.

वाट का लावली म्हणशील तर ३ होतं सी प्लस प्लस मध्ये, डब्ल्यूएक्सविजेट्स या खिडक्या-बटणं बनवायच्या लायब्ररीवर. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीकडं ते नीट चालवत ठेवायचं म्हणजे डोकेदुखी, आणि फुकटात सी प्लस प्लस लिहायला माणसं कुठून आणायची. म्हणून सगळं पायथॉन आणि जावास्क्रिप्टमध्ये नव्यानं लिहिलं, २०१६ च्या सप्टेंबरात पोस्टग्रेस ९.६ सोबत ४ बाहेर आलं. म्हणजे तुझ्या काउंटरवर आता आधी एक छोटा वेब सर्व्हर सुरू होतो, मग ब्राउझरचं इंजिन उघडतं, मग त्यात ते पान येतं. ४ जीबीला ते जड जाणारच. नव्यानं लिहायचा निर्णय बनवणाऱ्यांच्या बाजूनं बरोबर होता असं माझं मत, पण पहिली दोनतीन वर्षं जे लोकांच्या हातात दिलं ते कच्चंच होतं, हेही खरं.

भडंग_बाइट
कच्चं?? अहो कृष्णाकाठ, तुम्ही फार सभ्य बोलताय. आधी ४ ला स्वतःची खिडकी होती, क्यूटीवाली, ती अडखळायची, मग २०१८ ला ४ च्याच ३.० व्हर्जनमध्ये खिडकीच काढून टाकली, म्हणे तुमच्या क्रोममध्ये टॅब उघडेल आणि घड्याळाजवळ एक हत्तीचं चित्र बसेल. आमच्या ऑफिसातली लोकं ती टॅब फेसबुकच्या टॅबसोबत बंद करायची आणि मला फोन, डेटाबेस गेला म्हणून. मग २०२१ ला ५.० मध्ये परत खिडकी आली, एनडब्ल्यू जेएस या ब्राउझर इंजिनवाली, आता इलेक्ट्रॉनवाली. ओरडलो म्हणून आली ना परत? मग ओरडणाऱ्याला फुकटचं आहे गप्प बसा असं ऐकवतात त्याचा राग येतो.

आणि ग्राफिकल क्वेरी बिल्डर कुठाय? ३ मध्ये टेबलं ओढून रेघा जोडल्या की क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, तयार व्हायची, लई लोक जॉइन, म्हणजे टेबलं जोडणं, त्यावर शिकलेत. ४ मध्ये ते आलंच नाही.

तासगाव_लॉट, तू हायडीएसक्यूएल टाकून बघ. मुळात विंडोजसाठीचं, हलकं आहे, पोस्टग्रेसला जोडतं, तुझ्या ४ जीबीवर पळेल. डीबीव्हर पण चांगलं आहे, फीचर भरपूर, पण ते जावावर आहे त्यामुळं रॅमच्या बाबतीत तुला फार फरक पडायचा नाही.

विश्रामबाग_बॅकएंड
मला एक सांगा, काउंटरवरच्या ताई थेट टेबलात आकडे का बदलतायत? सगळे टूलवर बोलायलेत आणि याबद्दल कोणीच काही म्हणेना. लॉटमधले बॉक्स ३४० चे ४३० झाले तर कोणी केले, कधी केले, काय पुरावा आहे? उद्या शेतकरी पावती घेऊन उभा राहिला की काय दाखवणार? बेदाणा म्हणजे बॉक्समागं १५ किलो माल आहे, आकड्याचा खेळ नाही. अॅडमिन टूल अॅडमिनसाठी असतं. ते जड झालं म्हणून तक्रार करण्यापेक्षा ते काउंटरवर आहेच का हा प्रश्न विचारा.

तासगाव_लॉट
विश्रामबाग सर, बरोबर आहे तुमचं पण इथली परिस्थिती सांगतो. प्रोग्राममध्ये दुरुस्तीचा स्क्रीनच नाही. गाडी आली की गेटवर पावती फाटते, मग आत चेंबरमध्ये लावताना हमाल मोजतात तेव्हा चारदोन बॉक्स कमीजास्त निघतात, कधी एकाच घरातल्या दोन भावांचा माल एकाच नावावर चढलेला असतो. एप्रिलात रांग लागलेली असती, तेव्हा मालक म्हणतात टेबलातच करा. करणाऱ्यानं तो स्क्रीन दिला असता तर मी कशाला हे टूल काउंटरवर ठेवलं असतं.

विश्रामबाग_बॅकएंड
मग स्क्रीन करूया की, अवघड नाही. लिबरऑफिस बेस पोस्टग्रेसला थेट जोडता येतं, त्यात एक फॉर्म काढा, लॉट नंबर, नाव, बॉक्स, बस. मालकांकडं मायक्रोसॉफ्ट अॅक्सेस असेल तर जोडणीचा ओडीबीसी ड्रायव्हर टाकून त्यातही होईल. ताईंसाठी वेगळा रोल, म्हणजे डेटाबेसचा युजर, करा, सगळं बघायचा हक्क द्या पण अपडेटचा हक्क फक्त बॉक्सच्या आणि नावाच्या कॉलमवर. पोस्टग्रेसमध्ये कॉलमपुरता हक्क ८.४ पासून देता येतो, लोकांना माहीतच नसतंय. आणि त्या टेबलवर एक ट्रिगर, म्हणजे बदल झाला की आपोआप चालणारा कोड, लावा, जुना आकडा, नवा आकडा, कोण, किती वाजता हे दुसऱ्या टेबलात पडू दे. सध्या प्रोग्राम आणि तुम्ही सगळे पोस्टग्रेस नावाच्या, सगळे हक्क असलेल्या सुपरयूजरनंच आत शिरत असणार, पैज लावतो.

भडंग_बाइट
पासवर्ड पण पोस्टग्रेसच असणार 😂

तासगाव_लॉट
पासवर्डचं इथं नको बोलूया.

मिरज_जंक्शन
उशिरा आलो. फॉर्म होईपर्यंत ४ च वापरायचं असेल तर थोडं हलकं करता येतं. प्रेफरन्सेसमध्ये डॅशबोर्डच्या डिस्प्लेमध्ये जा, तिथं ग्राफ दाखवा आणि अॅक्टिव्हिटी दाखवा या दोन्ही खुणा काढ, नाचणं बंद. प्रेफरन्सेसमध्येच नोड्स म्हणून यादी आहे, त्यात टेबल, व्ह्यू आणि फंक्शन सोडून बाकी सगळं लपव, झाड आटोपशीर होतंय. डेटा बघताना 'ऑल रोज' नको, 'फिल्टर्ड रोज' घे आणि लॉट नंबर टाक. सेव्हला एफ ६ आहे, ताईंना तेवढी एक की शिकवली की बटण शोधायला नको.

दुसरं म्हणजे ४ चा सगळ्यात मोठा फायदा कोणी सांगितलाच नाही. ते वेब आहे म्हणून शिव्या देताय, मग वेबसारखं वापरा ना. एखाद्या बऱ्या मशीनवर उबंटू टाकून सर्व्हर मोडमध्ये एकदाच चढवायचं, बाकीचे सगळे ब्राउझरमधून उघडतील, प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. काउंटरवर काही टाकायलाच नको. आमच्याकडं असंच आहे. एकच लक्षात ठेव, सर्व्हर मोडमध्ये त्यातून बॅकअप घेतला की फाइल त्या सर्व्हरवरच पडते, आपल्या डेस्कटॉपवर शोधत बसू नको, स्टोरेज मॅनेजरमधून उतरवून घ्यावी लागते.

तासगाव_लॉट
हे भारी सांगितलंत मिरज. बॅकअपवरून आठवलं, तोही ३ मधूनच राइट क्लिक करून घ्यायचो. ४ मध्ये केलं तर बायनरी पाथ दुरुस्त करा म्हणतंय. जुन्या मशीनवर ३ अजून आहे, त्याच्या फोल्डरातला पीजीडंप हा बॅकअपचा प्रोग्राम वापरला तर चालेल का?

कृष्णाकाठ
नाही चालणार. पीजीडंप आपल्यापेक्षा नव्या मेजर व्हर्जनच्या सर्व्हरचा बॅकअप घेत नाही, व्हर्जन जुळत नाही म्हणून थांबतो. पोस्टग्रेस १५ च्या बिन फोल्डरचा पत्ता प्रेफरन्सेसमधल्या बायनरी पाथ्समध्ये १५ समोर टाक, एरर जाईल.

पण बॅकअप माणसानं आठवणीनं घ्यायची गोष्टच नाही. सर्व्हरवर एक बॅच फाइल कर, त्यात पीजीडंपची एक ओळ, कस्टम फॉरमॅटमध्ये, फाइलच्या नावात तारीख. पासवर्ड बॅच फाइलमध्ये लिहू नको, पीजीपास फाइलमध्ये ठेव. टास्क शेड्युलरला रात्रीची वेळ दे. आणि कॉपी त्याच इमारतीत तळमजल्यावर ठेवू नको. तासगावात नदीचं पाणी येत नाही मान्य, पण ऑगस्ट २०१९ ला सांगलीत पूर आला तेव्हा सर्व्हर आणि बॅकअपची हार्ड डिस्क एकाच टेबलाखाली भिजलेली मी बघितलीय.

भडंग_बाइट
आणि महिन्यातनं एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर पीजीरिस्टोरनं उघडून बघ. नुसती फाइल दिसती म्हणून खूश राहणारे लई आहेत.

तासगाव_लॉट
ठीक. आज रात्री बॅच फाइल आणि ग्राफ बंद, रविवारी उबंटूवाल्या मशीनचं बघतो. विश्रामबाग सर, त्या ट्रिगरचा कोड टाकाल का इथं? टेबलाचं नाव लॉट_मास्टर आहे, प्रायमरी की आहे, मी आत्ता तपासलं.

विश्रामबाग_बॅकएंड
टाकतो संध्याकाळी. तोपर्यंत तो पासवर्ड बदला.