बोर्डो आणि आबांचा विळा

विद्यापीठातल्या केमिस्ट्रीच्या संशोधनातून नुसते पेपर निघतात, लोकांच्या हाती काही लागत नाही, असा सूर बऱ्याचदा ऐकू येतो. आमच्या तासगावकडचं एक उदाहरण देतो.

ऑक्टोबर छाटणी झाली आणि पाऊस रेंगाळला, की द्राक्षावर डाऊनी, म्हणजे केवडा रोग, आलाच. मग बोर्डो मिश्रण फवारायचं. हे नाव फ्रान्समधल्या शहराचं. तिकडचे शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना शिंपडायचे, का तर येणाऱ्याजाणाऱ्यानं घड तोडून खाऊ नयेत! (आपल्याकडं यावरून भावकीत भांडणं लागली असती.) नेमक्या त्याच वेली रोगातून वाचल्या, हे बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे यांनी १८८२ मध्ये हेरलं. पुढं रसायनशास्त्राचे प्राध्यापक गायों यांना सोबत घेऊन त्यांनी प्रयोग केले आणि १८८५ ला मिश्रण जाहीर झालं.

आजही एक टक्का बोर्डो म्हणजे शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि साधारण तेवढाच चुना. चुना पुरेसा झाला का ते बघायला आमचे आबा पीएच पेपर वापरत नाहीत, विळा बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला की चुना कमी पडला, आणखी घालायचा. नाहीतर पानं करपतात. लोखंडावर तांबं चढतं ती शाळेतलीच अभिक्रिया.

बाकी २०१० ला क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला म्हणून युरोपनं आपली द्राक्षं अडवली, तेव्हा तो पकडणारीही केमिस्ट्रीच होती. निर्यातीआधी आपण माल तपासून घेतो तीही तीच.

सांगलीच्या हळदीचं नंतर लिहितो, फवारणीचा ब्लोअर सुरू झालाय.