अनुभव : गोष्टीतल्या नायिकेमुळे जुळलेली माणसं

रानजाई
परवा भाची सुट्टीला आली ती केस पार कानापर्यंत कापून. मी काही बोलायच्या आत सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अगं बाई, ज्यो आली का? किती डॉलर मिळाले?" मी कुकर हातात धरून तशीच उभी! इतक्या वर्षांत आमचं बोलणं भाजी, दूधवाला आणि त्यांच्या गोळ्या यापलीकडे गेलेलं नाही. शांताबाई शेळक्यांचं 'चौघीजणी' (ऑल्कॉटबाईंच्या 'लिटल विमेन'चा अनुवाद, त्यातली ज्यो आपले केस विकते) त्यांनीही वाचलंय याचा पत्ताच नव्हता मला. भाचीनं फक्त सिनेमा पाहिलेला. मग काय, दूध उतू जाईपर्यंत तिघी बोलत बसलो. ज्योची वही जाळली म्हणून सासूबाईंचा तिच्या धाकट्या बहिणीवर, ॲमीवर अजून राग आहे. मी ॲमीच्या बाजूची (धाकटी आहे ना). तुमचं कोणाशी असं जुळलंय का? कुठल्या नायिकेमुळे? लिहा पटापट.

चहाबाज
ज्यो लॉरीला लग्नाला नाही म्हणाली ते मला अजून पटलेलं नाही. एवढंच.

कोथरूडची मावशी
चहाबाज, टाळी द्या! त्या जर्मन प्रोफेसरात काय पाहिलं बाईनं?

पानगळ
अहो, पहिला भाग १८६८ ला आला तेव्हाच पोरींनी ऑल्कॉटबाईंना पत्रं पाठवून भंडावलं होतं, कोणाचं लग्न कोणाशी लावणार म्हणून. बाई वैतागल्या. कुणाला खूश करायला मी ज्योचं लग्न लॉरीशी लावणार नाही, असं रोजनिशीत लिहून ठेवलंय. पुढच्या वर्षी दुसरा भाग आला, त्यात प्रोफेसर. स्वतः मात्र जन्मभर लग्न केलं नाही. तुम्ही दोघी दीडशे वर्षं आधीच हरलेल्या आहात.

चहाबाज
मी 'दोघी'तली नाही हो, बाप्या आहे 😄 बहिणीचं पुस्तक चोरून वाचलं होतं. वर फास्टर फेणेचं कव्हर घालून.

निवांत
आमच्या हॉस्टेलवर 'चौघीजणी'ची एकच प्रत होती, शिवण उसवलेली, पानं सुटी. त्यामुळे पुढचीनं वाचलेली पानं मागचीकडे यायची. जेवायला कोणी डोळे सुजवून आली की कळायचं, बेथ गेली. कोणी काही विचारायचं नाही, आपली पोळी तिच्या ताटात टाकायची. पोळ्या तिथे मोजून मिळत, हे ध्यानात घ्या! वरण तर असं की तळाचं फूल दिसायचं. त्यातल्या एकीशी माझं वर्षभर भांडण होतं, बादलीवरून. ती सुटी पानं देता-घेता मिटलं. आता ती नाशिकला असते, गुडघे बदलून घेतलेत. बाकी नंतर, मुलगा आला.

पेठकर
सगळे परदेशातच का रमलात? आपली यमू कुठे गेली? हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं ते याच पुण्यात, १८९० साली. यमूची कादंबरी 'पण लक्षांत कोण घेतो' त्यातच क्रमशः आली. आमच्या पणजीच्या वेळी पुस्तक झालेलं होतं. ती स्वतः लाल आलवणातली. सदाशिव पेठेतल्या त्या वाड्यात अक्षर ओळखणारी बाई ती एकटीच. दुपारची उष्टी-खरकटी झाली की माजघरात बाया जमत आणि म्हणत, "काल यमूला कुठं सोडलं होतंत?" जणू पलीकडच्या आळीतलीच मुलगी. एरवी सोवळ्याओवळ्यावरून एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या दोघी जावा यमूसाठी शेजारी बसायच्या. शंकरमामंजीचं नाव आलं की बोटं मोडायच्या. केशवपनाचा भाग आला तेव्हा पणजीनं पुस्तक मिटलं. पुढचं कोणी वाचून दाखवलं म्हणाल, तर कोणीच नाही. तिथंच राहिलं. ही हकीकत मला आजीनं सांगितली.

रानजाई
बापरे. आणि आम्ही इथे केसांवरून विनोद करत होतो. ज्योनं आपल्या हातानं जाऊन विकले, यमूचे जबरदस्तीनं गेले.

पेठकर
विनोद करा हो. पणजी फार विनोदी होती.

सांजवेळ
माझं गौरी देशपांडेंच्या नायिकांवरून मैत्र जुळलं आणि तुटलंही. ग्रंथालयात एकाच दिवशी दोघी 'एकेक पान गळावया' मागायला. तिनं आधी नेलं, मग मला फोन. पुढे तासन्‌तास बोलायचो. तिला त्या बायका मोकळ्या वाटायच्या, मला आपमतलबी. नंतर मी घर सोडून नोकरीला बंगलोरला गेले, तेव्हा ती म्हणाली, "आता कळल्या का?" बरेच दिवस बोलले नव्हते तिच्याशी. कळल्या होत्या, म्हणूनच.

कोथरूडची मावशी
सांजवेळ 🙏 करा फोन.

हिराबाग
ताम्हणकरांची 'चिंगी' कोणालाच आठवत नाही का? आणि ते केस कुठे कापले भाचीनं? माझीला पण तसेच हवेत.

रानजाई
टिळक रोडला कुठेतरी. पैसे विचारू नका, ज्योला मिळाले त्याहून जास्त गेले.

निवांत
आले परत. 'चौघीजणी'ची जुनी प्रत मिळेल का कुठे? नाशिकवालीला पाठवायचीय.

चहाबाज
अप्पा बळवंत चौकात बघा. गाडी नेऊ नका.

हिराबाग
शनिवारी मी जातेय तिकडे, वह्या घ्यायच्यात. दोन मिळाल्या तर आणू का? एक मला.

कोथरूडची मावशी
तीन आणा. सुट्टे मी देते.