सॉल्व्हर सगळे अष्टपैलूच निवडतोय, काय करू?

नाईटवॉचमन:
आमच्या टी-२० संघाची निवड यंदा माझ्या गळ्यात आहे. १८ जणांतून ११ निवडायचे ३१,८२४ प्रकार, म्हणून एक्सेलच्या सॉल्व्हरला (दिलेल्या अटी पाळून सगळ्यात चांगलं उत्तर शोधणारं साधन) जुंपलं. प्रत्येक खेळाडू ० किंवा १ (१ म्हणजे संघात), बेरीज ११, यष्टिरक्षक किमान एक, गोलंदाज किमान पाच. फलंदाजी आणि गोलंदाजीचे गुण मिळवून ती बेरीज जास्तीत जास्त करायची. उत्तरात अष्टपैलूंची जत्रा, आणि हक्काचा सलामीवीर बाहेर! ही यादी कर्णधाराला दाखवायची सोय नाही. अष्टपैलू चारच, अशी अट घालू का?

शून्य-एक:
नको, ती मलमपट्टी झाली. दुखणं त्या बेरजेत आहे. डावात चेंडू १२०च. आठव्या क्रमांकावर येणाऱ्याला त्यातले चार-सहा मिळाले तर मिळाले, पण तुमचं गणित त्याच्या फलंदाजीचं पूर्ण माप पदरात टाकतंय. गोलंदाजीचंही तेच. षटकं २०, मग आठ जण टाकणार काय?

'अमुक संघात आहे का' हे सोडा, 'अमुक तिसऱ्या क्रमांकावर खेळतो का' असं विचारा. एका क्रमांकावर एकच जण, एका खेळाडूला फार तर एक क्रमांक. शिवाय प्रत्येकाची षटकं ० ते ४, संघात नसेल तर ०, एकूण २०. पाच गोलंदाजांची अट मग वेगळी लिहावीच लागत नाही. गुण मात्र धावांतच मोजा: त्या क्रमांकावर किती काढेल, षटकामागे किती वाचवेल. नाहीतर एक विकेट म्हणजे किती धावा यावर भांडत बसाल.

व्हेरिएबल, म्हणजे सॉल्व्हरने ठरवायचे आकडे, होतात १८ × ११ = १९८, अधिक षटकांचे १८. एक्सेलसोबतचा सॉल्व्हर २००च्या पुढे जात नाही. शेपटातल्यांना सलामीला पाठवणारे व्हेरिएबल आधीच गाळा, सहज बसेल. किंवा सरळ पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं पल्प घ्या, तेही असलीच गणितं सोडवतं आणि फुकट आहे.

तिसरा पंच:
आकडे कुठून आणलेत तेही बघा. सरासरी काढताना धावांना बाद झालेल्या डावांनी भागतात, त्यामुळे शेवटी येऊन नाबाद परतणारा कागदावर उगाच मोठा दिसतो.

नाईटवॉचमन:
आमचा सातव्या क्रमांकाचा गडी अगदी हाच! डावखुरा-उजवा अशी सलामी हवी असेल तर?

शून्य-एक:
सोपं आहे. पहिल्या दोन क्रमांकांवरच्या डावखुऱ्यांची बेरीज बरोबर १. पण आधी या अटीशिवाय चालवा, एकूण किती धावा येतात ते टिपा, मग अट घाला. जेवढ्या धावा कमी होतील तेवढी त्या हौसेची किंमत. कर्णधाराला तो आकडा सांगा, ठरवू दे त्याला.