पिकअपला मागे रिमोल्ड टायर टाकावेत का? फायदा होतो की फक्त समाधान

कॅरेटवाला_जुन्नर
राम राम मंडळी. माझ्याकडे बोलेरो पिकअप आहे, सेकंडहँड घेतलेली, १३०० किलो पासिंग (कागदावर एवढाच माल भरायची परवानगी). सीझनला नारायणगाव मार्केटवरनं टोमॅटो भरून माळशेज घाटाने कल्याण, कधी वाशी, बाकीच्या दिवसात गावातलंच भाडं, खत, कडबा, कुणाचं सामान. मागचे दोन्ही टायर आता पार गोटा झालेत, परवा पावसात घाटात ब्रेक दाबला तर गाडी शेपूट हलवायला लागली. नवीन टायर ७२०० ला एक सांगतोय, आणि रिमोल्डवाला (झिजलेल्या टायरवर नवीन रबर चढवणारा) माझेच टायर घेऊन २६०० ला एक चढवून देतो म्हणतोय. त्याच्याकडे तयार पण आहेत ३२०० वाले. घरचे म्हणतात रिमोल्ड नको, ड्रायव्हर मित्र म्हणतो एसटीला चालतात तर तुला काय धाड भरलीय. कुणी पिकअपला वापरलेत का खरंच? ट्रकचं नका सांगू.

घाटमाथा
वापरलेत, दोन वेळा. पहिली जोडी मस्त गेली, २५ हजाराच्या आसपास. दुसऱ्या जोडीतल्या एकाचा एप्रिलमध्ये दुपारी दीड वाजता पट्टा (वर चढवलेलं रबर) उडाला, आधी चाकाखाली फटफट फटफट आवाज यायला लागला, मला वाटलं ताडपत्रीची दोरी सुटली असेल म्हणून तसाच दोन किलोमीटर रेटला, तेवढ्यात पट्ट्याने मडगार्ड फाडला आणि टेललाईटची वायर पण घेऊन गेला. टायर मात्र फुटला नाही, आत हवा तशीच होती. आवाज आला की लगेच बाजूला घ्या एवढंच सांगेन.

रबरवाले_काका
मी ११ वर्षं रिमोल्डिंगच्या प्लांटला होतो, आता सोडलंय त्यामुळे कुणाची बाजू घ्यायचं कारण नाही. पट्टा उडाला की सगळे रबराला शिव्या घालतात, पण बहुतेक वेळा दोष असतो कमी हवेचा आणि जास्त मालाचा. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, आतून तापतो आणि जोड सुटतो. नवीन टायरसुद्धा असाच सोलतो, रस्त्याच्या कडेला पडलेली सालपटं सगळी रिमोल्डची नसतात.
तुमच्यासाठी दोन गोष्टी. तयार ३२०० वाला अजिबात घेऊ नका, कारण वरचं रबर नवीन दिसतं पण खालची केसिंग (जुन्या टायरचा सांगाडा) कुणाची, किती तुडवलेली, आत किती पॅच मारलेत ते तुम्हाला कळणार नाही. स्वतःचाच गोटा चढवायचा आणि घासकाम चालू असताना समोर उभं राहायचं. जुनं रबर घासल्यावर तार उघडी पडली, साईडला फुगा असला, किंवा कडेची तार तुटली असली तर चांगला माणूस टायर परत करतो. परत करतो तो खरा कारागीर समजा, सगळेच घेतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.
आणि कोल्ड प्रोसेसच करा. त्यात पट्टा आधीच पकवलेला असतो, टायरवर गम लावून चिकटवून चेंबरमध्ये शंभर डिग्रीच्या आसपास ठेवतात. हॉटमध्ये कच्चं रबर साच्यात दीडशेच्या आसपास पकतं, तेवढी उष्णता जुन्या केसिंगला परत सोसावी लागते.

हिशेबी
एसटीचं उदाहरण इथे लागू होत नाही भाऊ. एसटीचे स्वतःचे रिमोल्डिंग प्लांट आहेत, टायर पहिल्या दिवसापासून त्यांच्याच नजरेखाली असतो. आणि मोठ्या टायरला नवीन आणि रिमोल्डच्या किमतीत फरकच एवढा असतो की परवडतं, शिवाय तीच केसिंग परत चढवता येते.
पिकअपचा हिशेब करून बघा. माझ्या गाडीला मागे नवीन ५० हजार किलोमीटर जातात, रिमोल्ड २५. तुमच्याच दराने नवीन पडतो किलोमीटरला जवळपास साडेचौदा पैसे, रिमोल्ड साडेदहा. म्हणजे २५ हजार किलोमीटरमध्ये एका टायरमागे वाचले हजार रुपये. त्यातून दोनदा काढ-घाल, दोन दिवस गाडी उभी, एक फेरी बुडाली की संपलं. वर २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय, ७२०० कमी झालेला दर आहे की जुनाच सांगतोय ते दुकानदाराला विचारा.

घाटमाथा
@हिशेबी बरोबर आहे पण हातात एकदम १४ हजार नसतात ना दादा, सीझन सुरू व्हायच्या आधी तर नाहीच नाही. ५२०० मध्ये गाडी रस्त्यावर येते हे पण बघा.

रबरवाले_काका
हे पण खरंय. पण घाट आहे त्यांचा. जुन्नरकर, किती कॅरेट भरता ते सांगा आधी 😀

कॅरेटवाला_जुन्नर
काका ८५-९० 🙈

रबरवाले_काका
कॅरेटला २० किलो धरले तरी १८०० झाले, पासिंग १३०० चं. यावर रिमोल्ड टाकून उन्हात माळशेज उतरायचा नाही. ६० कॅरेट भरणार असाल तर विचार करा. आणि टायरवरचा चार आकडी नंबर बघा, ३११८ असेल तर २०१८ चा ३१ वा आठवडा. एवढ्या जुन्याला रबर चढवू नका, नक्षी कितीही छान आली तरी.

कॅरेटवाला_जुन्नर
आज बघितला. एक २०१७ चा निघाला, दुसरा २०२१ चा, म्हणजे आधीच्या मालकाने जोडी पण सारखी टाकली नव्हती. जुन्या टायरला साईडला बारीक भेगा आहेत, आजवर लक्षच गेलं नव्हतं. दोन नवीन घेतोय, अर्धे पैसे आता अर्धे पट्टीचे (माल विकल्याचे) आल्यावर, दुकानदार ओळखीचा आहे. नवीन पुढे टाकून पुढचे चांगले मागे घेणार. २०२१ वाला रिमोल्ड करून स्टेपनीला ठेवू का?

रबरवाले_काका
ठेवा. पण पुढचा पंक्चर झाला तर स्टेपनी पुढे लावू नका, मागचा काढून पुढे आणि स्टेपनी मागे. अर्धा तास जास्त जाईल, जाऊ दे. आणि स्टेपनीची हवा महिन्यातून एकदा बघा, ती कुणीच बघत नाही.