मदत हवी आहे : ओलान्झापिन (मानसिक आजारावरचं औषध) चालू असलेल्यांची उपाशीपोटी रक्तातली साखर कशी घेता?
परभणी-हिंगोलीकडे काम करणाऱ्यांना विचारतोय. ओलान्झापिन मेंदूतले एच-१ आणि ५-एचटी-२सी रिसेप्टर (पेशींवरची संदेश घेणारी ठिकाणं) अडवतं, म्हणून भूक खवळते. स्वादुपिंडातले एम-३ रिसेप्टर अडले की इन्सुलिनही कमी पडू शकतं. (घरचे उगाच ‘खादाड झालाय’ म्हणतात.)

वजन ४, ८, १२ आठवड्यांनी होतं. कंबर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजतो. पुरुष ९०, बाई ८० सेंमीच्या वर गेली की सावध. अडतंय साखरेवर. पहिल्या एसटीनं येणारे चहा-बिस्किट खाऊनच येतात. एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर, उपाशी राहावं लागत नाही) करावं, तर लोह कमी असलेल्यांत आकडा खोटाच चढतो.

आशाताईंनी पहाटे गावातच ग्लुकोमीटरवर घेतलेला आकडा चाळणीपुरता धरता का? कितीच्या वर शिरेतलं रक्त तपासणीला पाठवता?