डीएचओ आणि सिव्हिल सर्जन एकच नव्हेत

कोणीतरी विचारलंय, एमबीबीएसनंतर पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, लागलं तर पुढे आरोग्य खात्याच्या संचालकपदापर्यंत जाता येतं का. येतं, पण वाट सरळ नाही.

पहिली गल्लत: जिल्हा आरोग्य अधिकारी (डीएचओ) जिल्हा परिषदेत बसतो, त्याच्याकडे पीएचसी, उपकेंद्रं, लसीकरण, साथी. जिल्हा शल्यचिकित्सकाकडे (सिव्हिल सर्जन) जिल्हा रुग्णालय. दोघांचे स्वभाव वेगळे लागतात. शस्त्रक्रियेत रमणाऱ्याला डीएचओची खुर्ची काटेरी वाटते. दिवस सगळा बैठका, अहवाल आणि कुठल्या गावात गॅस्ट्रो झालाय त्यात जातो. पण पाणी तपासून साथ आवरली की मिळणारं समाधान ओपीडीत मिळत नाही, हेही खरं.

पुढे उपसंचालक, मग संचालक. त्याच्यावर आयुक्त, आणि ते आयएएस! डॉक्टरांच्या नाराजीचं मूळ इथं आहे.

तामिळनाडूनं सार्वजनिक आरोग्याचं केडर, म्हणजे त्या कामाच्या अधिकाऱ्यांची सेवा, वेगळं ठेवलंय, तिथला सार्वजनिक आरोग्य कायदा तर १९३९चा. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानंही सगळ्या राज्यांना असं केडर सुचवलं होतं.

तेव्हा पीएसएममध्ये (रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र) एमडी किंवा डीपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदविका, लवकर करा. आणि हो, पहिली दोन वर्षं आशाताईंबरोबर गावं पायी फिरा.