मदत हवी आहे: बाबांच्या विजया तेलात शिसं आहे का, हे कसं तपासून घ्यावं?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण घाईचा आहे.

बाबा ७४ वर्षांचे. प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडांपर्यंत गेलेला. रात्री कंबर इतकी ठणकते की पलंगाची कड धरून बसून राहतात. इथल्या वैद्यांनी विजया तेल लिहून दिलं. भांगेच्या पानांचा अर्क तिळाच्या तेलात, सकाळी अर्धा मिली आणि रात्री अर्धा मिली, जिभेखाली. कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच सुरू केलं. बाटली आयुष परवान्याची आहे, चिठ्ठी दाखवून घेतलेली. दहाव्या दिवशी बाबा सलग पाच तास झोपले. आईने सकाळी मला फोन करून तेवढंच सांगितलं आणि रडायला लागली.

मग मी वाचत बसले. भांगेचं झाड मातीतले जड धातू ओढून घेतं. चेर्नोबिलजवळ १९९८ साली हीच जात माती साफ करण्यासाठी लावून पाहिली होती. आणि बाबा ३१ वर्षं छापखान्यात जुळारी होते, म्हणजे धातूची अक्षरं, खिळे, हाताने जुळवणारे. खिळे म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथील. ते दिवसभर बोटांत, आणि त्याच बोटांनी डबा. तेव्हा कोणी काही सांगत नव्हतं. शरीरात गेलेलं शिसं हाडांत वर्षानुवर्षं बसून राहतं, आणि बाबांचं दुखणंही हाडांचंच. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.६ आहे. त्यांच्या अंगात आणखी कणभरही शिसं जायला नको.

कंपनीकडे रिपोर्ट मागितला. पीडीएफ आली, त्यात जड धातूंबद्दल एकच ओळ: "जड धातू (शिसे म्हणून): १० पीपीएमपेक्षा कमी. कम्प्लाइज." म्हणजे मर्यादेत बसतं.

एवढ्यावर विश्वास ठेवू का? महाराष्ट्रात कुठे तपासून मिळेल? नमुना कसा द्यायचा? घाबरून चार दिवस तेल बंद ठेवलंय आणि रात्री पुन्हा तसंच सुरू झालंय.

आर्गॉन
गोदाकाठताई, मी कॅलिफोर्नियात गांजाची उत्पादनं तपासणाऱ्या परवानाधारक लॅबमध्ये काम करते. इथे ३१ डिसेंबर २०१८ पासून प्रत्येक बॅचची जड धातूंची तपासणी सक्तीची आहे.

तुमच्या पीडीएफमधली ओळ वाचून काळजी वाटली. "जड धातू, शिसे म्हणून" अशी भाषा जुन्या रंगाच्या चाचणीची असते. नमुना जाळून राख करायची, सल्फाइड घालायचं आणि द्रावण किती काळवंडलं ते शिशाच्या ठरावीक द्रावणाशेजारी धरून डोळ्यांनी बघायचं. कोणता धातू किती, हे त्यातून कळत नाही. पारा तर राख करतानाच उडून जातो. अमेरिकन फार्माकोपियाने, म्हणजे तिथल्या औषधांच्या दर्जाच्या प्रमाणग्रंथाने, ही चाचणी १ जानेवारी २०१८ पासून काढून टाकली.

तुम्हाला हवी ती तपासणी आयसीपी-एमएस यंत्रावरची. साधारण अर्धा ग्रॅम तेल नायट्रिक ॲसिडबरोबर बंद भांड्यात, मायक्रोवेव्हमध्ये, पूर्ण विरघळवतात. काचेसारखं स्वच्छ पाणी झालं पाहिजे. तेलाचा तवंग उरला तर ते काम अर्धवट झालं. मग ते आर्गॉन वायूच्या प्लाझ्मात, म्हणजे अतितप्त झोतात, जातं आणि प्रत्येक धातू त्याच्या वजनावरून वेगळा मोजला जातो. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा असे चार आकडे वेगवेगळे मागा.

आता हिशोब. १० पीपीएम म्हणजे ग्रॅममागे १० मायक्रोग्रॅम. बाबा दिवसाला १ मिली घेतात, म्हणजे सुमारे ०.९२ ग्रॅम. तेल अगदी मर्यादेच्या काठावर असेल तर रोज ९ मायक्रोग्रॅम शिसं पोटात जाईल. आयसीएच या औषधांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तोंडाने घ्यायच्या औषधातून शिशाची रोजची मर्यादा ५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. म्हणजे "कम्प्लाइज" लिहिलेली बाटलीसुद्धा बाबांच्या डोसला दुप्पटीच्या जवळ जाऊ शकते. आमच्याकडे खाण्याच्या उत्पादनांना शिशाची मर्यादा ०.५ पीपीएम आहे. त्या हिशोबाने अर्धा मायक्रोग्रॅमसुद्धा होत नाही.

तुमच्या तेलात तेवढं शिसं आहेच असं मी म्हणत नाही. या रिपोर्टवरून ते कळत नाही, इतकंच.

कोथरूडची वैद्य
१० पीपीएम ही मर्यादा आयुर्वेदिक फार्माकोपियातली आहे. शिसं १०, आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. वनौषधींसाठी सरसकट ठेवलेले आकडे आहेत ते, औषध दिवसाला किती घ्यायचं याचा त्यात विचार नाही. बाबांचं वय, मूत्रपिंड आणि जुना व्यवसाय बघता मीही चार आकडे पाहिल्याशिवाय दिलं नसतं.

एक विचारायचं राहिलं. बाबा दुसरं काही घेतात का? प्रोस्टेटच्या आणि लघवीच्या तक्रारींवर काही जुन्या औषधांत नागभस्म असतं, आणि नाग म्हणजे शिसंच. सगळं लक्ष तेलाकडे आणि शिसं शेजारच्या डबीत, असं व्हायला नको. घरातली प्रत्येक डबी, पुडी बाहेर काढून बघा.

आणि ताई, तेल बंद केलंत ते ठीक, पण वेदना तशाच अंगावर काढायला लावू नका. आजच डॉक्टरांना फोन करा, मधल्या काळासाठी दुसरं वेदनाशामक ते देतील. मूत्रपिंडाचा आकडा त्यांना आवर्जून सांगा, म्हणजे ते त्याप्रमाणे निवडतील.

तासगावचा बेदाणा
मी औषधातला नाही. बेदाणे बाहेर पाठवतो, त्यामुळे लॅबच्या दारात वर्षातून दहा वेळा उभा असतो.

लॅबला एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे एवढं विचारून भागत नाही. मान्यता ठरावीक पदार्थ आणि ठरावीक चाचणीला असते, तिला स्कोप म्हणतात. एनएबीएलच्या साइटवर लॅबचं नाव टाकलं की स्कोपची फाइल उघडते. त्यात आयुर्वेदिक औषधं आणि चारही धातू आयसीपी-एमएसवर, असं दिसायला हवं. पुणे आणि मुंबई-ठाणे पट्ट्यात अशा लॅब आहेत.

आधी फोन करा. भांगेचं नाव ऐकून समोरचा माणूस कचरतो. एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येतून फुलांच्या शेंड्याविना असलेली पानं वगळलेली आहेत आणि विजया हे परवान्याचं आयुर्वेदिक औषध आहे, हे शांतपणे सांगायचं. बिल, वैद्यांची चिठ्ठी आणि लेबलचा फोटो आधी मेल करायचा.

रिपोर्टवर नुसतं "एनडी" (आढळले नाही) येऊ देऊ नका. कितीपर्यंत मोजता येतं तो आकडा शेजारी लिहून मागा. माझ्या एका लॉटला "आढळले नाही" लिहून आलं होतं, आणि त्या लॅबला ग्राहकाच्या मर्यादेखालचं मोजताच येत नव्हतं. माल परत आला.

आर्गॉन
बेदाणादादांचं शंभर टक्के खरं. भर एवढीच: शक्यतो त्याच बॅचची सीलबंद बाटली द्या. उघडलेलीच असेल तर तळहातात धरून कोमट करा, भरपूर हलवा, कारण जड कण तळाशी बसतात. धातूचा चमचा आत घालू नका. आणि कंपनीच्या पीडीएफवरचा बॅच नंबर तुमच्या बाटलीशी जुळतो का, ते आधी बघा.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी दुसरं औषध दिलं. डब्या तपासल्या, भस्म कशातच नाही.

बॅच नंबर मी दोनदा बघितला होता आणि मला सारखाच वाटला होता. बाबांनी भिंग मागितलं. बाटली डाव्या हातात, कागद मांडीवर, आणि नखाने एकेक अक्षर सरकवत गेले, पूर्वी खिळे जुळवायच्या पट्टीतली, स्टिकमधली, ओळ तपासायचे तसं. शेवटून तिसऱ्या जागी थांबले. "इथं सात आहे, तिथं एक." रिपोर्ट दुसऱ्याच बॅचचा होता. कंपनीला कळवलं, आमच्या बॅचचा रिपोर्ट अजून आलेला नाही.

काल पुण्याला जाऊन त्याच बॅचची सीलबंद बाटली लॅबमध्ये दिली. आठवड्यात रिपोर्ट देतो म्हणाले. आता एकच शंका. बाबांच्या रक्तातलं शिसं आत्ता तपासू, की तेलाचा रिपोर्ट आल्यावर?

कोथरूडची वैद्य
आत्ता, तेल पुन्हा सुरू व्हायच्या आधी. डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि सूक्ष्म धातूंसाठीची वेगळी नळी असते तीच वापरायला सांगा. हाडांतलं जुनं शिसं रक्तात उतरत राहतं, त्यामुळे पहिला आकडा थोडा जास्त आला तर लगेच तेलाला दोष देऊ नका. तो आकडा पुढच्या तुलनेसाठी हवा आहे.

गोदाकाठ
तेलाचा रिपोर्ट आला. शिसं ०.३१ पीपीएम, कॅडमियम ०.०४, आर्सेनिक आणि पारा दोन्ही ०.०२ या मोजता येणाऱ्या हद्दीखाली. शिशाचा हिशोब केला, दिवसाला ०.२९ मायक्रोग्रॅम. रक्त काल दिलंय. डॉक्टर आणि वैद्य दोघांशी बोलून आज रात्रीपासून अर्धा मिलीने सुरू करतोय. आधी बाबांनी रिपोर्टवरचा बॅच नंबर स्वतः जुळवून घेतला.